गळक्या छताचा निम्मा वाटा भाडेकरूच्या माथी का?

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की गोंदियातल्या भाड्याच्या खोल्यांमधून दरवर्षी तोच संवाद ऐकू येतो. भाडेकरू सांगतो, स्लॅब गळतोय. घरमालक म्हणतो, मिस्त्री बोलावू, पण खर्च निम्मा-निम्मा. वरवर पाहता यात वावगं काही दिसत नाही. घर एकाचं, राहणारा दुसरा, त्रास दोघांना. मग खर्चही दोघांनी वाटून घ्यावा. रामनगरपासून सिव्हिल लाइन्सपर्यंत हा युक्तिवाद इतक्या सहजपणे केला जातो की करणाऱ्याला आणि ऐकणाऱ्यालाही तो समजूतदारपणा वाटतो. मध्यस्थी करणारा शेजारी ‘दोघांनी थोडं थोडं सोसा’ म्हणतो आणि प्रकरण मिटतं.

ते मिटतं ते भाडेकरूच्या पैशाने. ज्याने काही बिघडवलं नाही, ज्याची त्या भिंतीत एका विटेचीही मालकी नाही आणि ज्याने घराच्या देखभालीचे पैसे दर महिन्याच्या भाड्यातून आधीच भरले आहेत, त्याच्याकडून तेच पैसे पुन्हा घेतले जातात. हाच नियम उलट बाजूनेही तितकाच चुकीचा ठरतो. भाडेकरूच्या हलगर्जीपणामुळे बेसिन फुटलं, तर घरमालकाने निम्मे पैसे का द्यावेत? बिघाडाचं कारण न विचारता खर्च वाटणारा नियम दोघांपैकी एकावर प्रत्येक वेळी अन्याय करतो, फक्त बहुतेक वेळा तो एक म्हणजे भाडेकरू असतो.

भाड्यात देखभाल धरलेली असते, ही भाडेकरूंच्या सोयीची कल्पना नाही. देशाच्या करव्यवस्थेने ती आकड्यात मांडली आहे. भाड्याने दिलेल्या घराच्या उत्पन्नावर कर काढताना १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम २४ प्रमाणे, पालिकेचा कर वजा जाता उरलेल्या वार्षिक मूल्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळत आली. त्यासाठी पावत्या दाखवाव्या लागत नाहीत. वर्षभरात भिंतीत एक खिळा ठोकला नसला तरी वजावट मिळते. २०२५ च्या नव्या आयकर कायद्यानेही ती कायम ठेवली. समजा महिन्याला ४,००० रुपये भाड्याची खोली आहे. वर्षाचे झाले ४८,०००. पालिकेचा कर बाजूला ठेवला तर त्यातले १४,४०० रुपये घर सांभाळण्यात जातात असं धरूनच सरकार तेवढ्यावरचा कर सोडून देतं. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही भाडेमूल्यावर घरपट्टी ठरवताना दुरुस्ती आणि तत्सम खर्चापोटी १० टक्के वजा केले जात. भाडं घेणाऱ्याने त्यातून घर नीट ठेवायचं असतं, हे या दोन्ही कायद्यांनी गृहीत धरलं आहे.

गोंदियातल्या कितीतरी घरमालकांचं उत्पन्न करपात्र नसतं. रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस किंवा पतीच्या मागे दोन खोल्यांच्या भाड्यावर घर चालवणारी बाई, यांना त्या ३० टक्क्यांचा प्रत्यक्ष फायदा होत नाही हे खरं. पण त्यामुळे भाड्याचं स्वरूप बदलत नाही. घर वापरायला देण्याचा तो मोबदला आहे, आणि वापरता येईल असं घर देणं ही त्यातली पहिली अट आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. विदर्भात मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा कधी लागू नव्हता. इथे मध्य प्रांत व वऱ्हाडचा १९४६ चा कायदा आणि त्याखालचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश चालत होता. घर रिकामं करून घ्यायची नोटीस द्यायची तरी घरमालकाला आधी भाडे नियंत्रकाची लेखी परवानगी काढावी लागे. जुन्या घरमालकांच्या मनात भाडेकरूबद्दल जी धास्ती बसली आहे ती त्या काळातली आहे आणि ती समजण्यासारखी आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ परिशिष्टात नोंदलेल्या भागांसाठी राज्यभर एकच कायदा म्हणून आला. त्याच्या कलम १४ ने जागा राहण्याजोगी आणि सुस्थितीत ठेवण्याची जबाबदारी घरमालकावर टाकली आहे. भाडेकरूने नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत घरमालकाने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरूने ती स्वतः करून घ्यावी आणि खर्च भाड्यातून कापावा किंवा वसूल करावा. एका वर्षात अशी कपात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त करता येत नाही. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या हा खर्चाचा निर्णायक पुरावा मानला जातो आणि तो घरमालकावर बंधनकारक असतो.

यात निम्म्याचा उल्लेख कुठेही नाही.

तरीही निम्म्याची प्रथा टिकून आहे, कारण कलम १४ च्या सुरुवातीलाच तिला वाट ठेवलेली आहे. भाडेकरूने याविरुद्ध करार केलेला नसेल, तरच ही जबाबदारी घरमालकाची. म्हणून घरमालकांचा हुकमी एक्का असतो: करारावर सही केलीत ना? या प्रश्नाला भाडेकरू गप्प बसतो. त्याने गप्प बसण्याचं काही कारण नाही. सालेकसा किंवा देवरीहून गोंदियाच्या कॉलेजात प्रवेश मिळालेला मुलगा जून-जुलैमध्ये खोली शोधतो तेव्हा त्याच्या हातात चार-दोन दिवस असतात. कोर्टाच्या आवारात टाइप करून ठेवलेला मसुदा पुढे येतो, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीचा शिक्का बसतो आणि ‘सर्व दुरुस्ती राहणाऱ्याने करावी’ हे वाक्य आठव्या की नवव्या ओळीत कुठेतरी असतं. ते वाक्य बदलून मागितलं तर खोली दुसऱ्याला जाते. याला दोन बरोबरीच्या माणसांनी विचारपूर्वक केलेला करार म्हणता येत नाही.

शिवाय नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे. याच कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. ती केली नाही तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. घरमालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. म्हणजे ज्या कागदाच्या जोरावर दुरुस्तीचा खर्च भाडेकरूवर ढकलला जातो, तो कागद बहुधा ढकलणाऱ्याच्याच अंगाशी येणारा असतो.

नोंदणी केलेला ११ महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असेल, तर भाडेकरूची अडचण वेगळी आणि जास्त मोठी आहे. कायद्याच्या दृष्टीने तो भाडेकरूच नसतो. तो परवान्यावर राहणारा असतो. कलम १४ भाडेकरूसाठी लिहिलेलं आहे, त्यामुळे त्याचा आधार अशा माणसाला घेता येत नाही. त्याच्यापाशी उरतो तो फक्त करार. पण राज्याच्या ऑनलाइन नोंदणीत सर्रास वापरला जाणारा मसुदासुद्धा एवढंच म्हणतो की राहणाऱ्याने जागा आहे त्या स्थितीत ठेवावी आणि त्याच्याकडून नुकसान झालं तर त्याने ते भरून द्यावं, नेहमीच्या वापराने होणारी झीज सोडून. छताची झीज त्याच्या वापराने होत नाही. ऊन आणि पाऊस घर भाड्याने दिलेलं आहे की रिकामं, हे पाहत नाहीत.

छत गळतं कसं, हे जरा जवळून पाहिलं की निम्म्याचा युक्तिवाद किती पोकळ आहे ते कळतं. नवतप्यात गोंदियाचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उघडा स्लॅब दिवसभर तापून प्रसरण पावतो, रात्री आकसतो. कठड्याच्या बुडाशी, जिथे भिंत आणि स्लॅब जुळतात, तिथे केसासारखी चीर पडते. गच्चीचा पाणी जाण्याचा पाइप कडुनिंबाच्या पाल्याने बुजलेला असतो. मग वर्षाला १,२०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत गच्चीवर पाणी साचतं, चिरेतून आत शिरतं, सळईला लागतं. सळई गंजली की फुगते आणि खालचं सिमेंट पापुद्र्यासारखं सुटून पलंगावर पडतं. नीट दुरुस्ती करायची तर सुटं झालेलं काँक्रीट फोडून काढायचं, सळई घासून तिला गंजरोधक लावायचं, भरणी करायची आणि मग वरून वॉटरप्रूफिंग, तेही कोरड्या स्लॅबवर. हे काम एप्रिल-मेमध्येच होतं. जुलैत फक्त ताडपत्री टाकता येते.

या सगळ्यात भाडेकरूने काय केलं? त्याने बघितलंही नाही, कारण गच्चीची किल्ली बहुतेक घरांत मालकाकडे असते. वर जायला ज्याला मज्जाव आहे, त्याच्याकडून वरच्या चिरेचे निम्मे पैसे मागायचे, हे कोणत्या न्यायात बसतं? आणि त्याला जे कलम १४ मिळालं आहे तेही या कामात अपुरं पडतं. ४,००० भाड्याच्या खोलीत त्याला वर्षाला जास्तीत जास्त १२,००० रुपये कापता येतात. गच्चीचं काम समजा ३०,००० चं निघालं, तर उरलेले १८,००० वसूल व्हायच्या आधीच तो दुसरीकडे गेलेला असतो. ज्याच्यासाठी कायद्याने आधीच इतकी तोकडी तरतूद ठेवली आहे, त्याच्यावर वरून निम्म्याचं ओझं टाकलं जातं.

घरमालकांचा पुढचा मुद्दा जास्त वजनदार आहे: भाडेकरू घराची वाट लावतात. याचं उत्तर नाकारण्यात नाही. विदर्भात राहणाऱ्याला कूलर हे सगळ्यांत परिचित उदाहरण आहे. खिडकीच्या सज्ज्यावर लोखंडी स्टँड, त्यावर कूलर, त्यात नळाची नळी. फ्लोट नीट बसवलेला नसतो किंवा टाकीला भोक पडलेलं असतं, पाणी एप्रिल ते जून सतत भिंतीवरून ओघळतं, चौकट फुगते, आतला रंग पोपडे धरून सुटतो, कधी स्विचबोर्डपर्यंत ओल जाते. हे नुकसान भाडेकरूचं आहे. त्याने ते पूर्ण भरून द्यावं, निम्मं नव्हे. संडासात फडका टाकून नाली तुंबवली, मुलाने काच फोडली, शेगडीच्या धुराने ओटा काळा केला, एका सॉकेटवर गीझर आणि इस्त्री लावून वायर जाळली, तेही त्याचंच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ मध्ये हे जवळपास दीड शतकापूर्वीच लिहिलं गेलं आहे. भाडेकरूने जागा ताब्यात घेतली होती तशीच परत द्यावी, रास्त वापराची झीज आणि माणसाच्या आवाक्याबाहेरची आपत्ती एवढं वगळून. आणि त्याच्या चुकीने काही बिघडलं, तर नोटीस मिळाल्यावर ३ महिन्यांत ते दुरुस्त करून द्यावं. निम्म्याचा आग्रह धरणारा घरमालक या कलमाने दिलेला आपला पूर्ण हक्क स्वतःच अर्धा करून घेतो.

बोअरवेलच्या मोटरवरून होणारी भांडणं वेगळ्या जातीची असतात. एका मोटरवर चार भाडेकरू आणि मालकाचं कुटुंब. कमी दाबाच्या विजेत मोटर चालत राहते आणि जळते. वाइंडिंग करून आणायचे पैसे पाच ठिकाणी वाटले जातात, आणि मालक स्वतःचा एक वाटा टाकतो म्हणून ते उदारपणाचं वाटतं. मोटर मालकाची, ती भाडेकरू गेल्यावरही तिथेच राहणार. वीजबिलाचा वाटा वापराप्रमाणे भाडेकरूंनी द्यावा, हे रास्त. यंत्राची किंमत हा वापराचा खर्च नव्हे. दुरुस्तीचे पैसे दिले नाहीत म्हणून पाणी बंद ठेवणं तर सरळ गुन्ह्याकडे जातं: भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने पाणी, वीज, जिन्यातले दिवे, स्वच्छतागृह या अत्यावश्यक सोयी तोडण्यास किंवा रोखण्यास घरमालकाला मनाई केली आहे. वीज ही मूलभूत गरज आहे आणि घरमालकाने ना-हरकत दिली नाही या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणात म्हटलं.

निम्म्याच्या बाजूने बोलणारे जाणकार मुंबईचा दाखला देतात. तिथे तर भाडेकरू दुरुस्तीसाठी उपकर भरतात, मग गोंदियात का नाही? हा दाखला अर्धवट आहे. मुंबईत भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलेली होती. तेवढ्या भाड्यात चाळ सांभाळणं मालकाला शक्य नव्हतं आणि इमारती कोसळू लागल्या. म्हणून १९६९ मध्ये कायदा करून दुरुस्ती मंडळ आलं, पुढे ते १९७६ च्या म्हाडा कायद्यात गेलं, आणि उपकरप्राप्त अशा सुमारे १९,६४२ इमारतींचा भार त्याच्यावर आला. तेव्हा भाडेकरूने उपकर भरणं समर्थनीय होतं, कारण त्याच्या भाड्यात दुरुस्तीचा पैसा उरलाच नव्हता. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात गोठवलेल्या भाड्याची ही पद्धत असमर्थनीय ठरवली, आणि त्या भाड्यात दुरुस्ती होत नाही हे मालकांचं दुखणं मान्य केलं. गोंदियात आज ११ महिन्यांनी करार संपतो आणि नव्या करारात भाडं वाढतं. इथलं भाडं गोठलेलं नाही. मुंबईचा उपकर ज्या आजारावर दिलेलं औषध होता, तो आजारच इथे नाही.

आणि उपकर भरूनही मुंबईत काय झालं, हे विसरता येणार नाही. भेंडीबाजारातली हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला कोसळली, तीसहून अधिक माणसं गेली. दुरुस्ती, पुनर्विकास, स्थलांतर यात जबाबदारी इतक्या हातांत विभागली जाते की शेवटी कुणाच्याच हातात राहत नाही. गोंदिया नगरपरिषदेसारख्या पालिकांना १९६५ च्या कायद्याच्या कलम १९५ खाली धोकादायक इमारतींवर कारवाई करता येते, पण त्या नोटिशीची वेळ येते ती घर मोडकळीला आल्यावर. त्याच्या दहा वर्षं आधी गच्चीची चीर बुजवायला हवी होती.

निम्म्याची प्रथा नेमकं हेच होऊ देत नाही, आणि या लेखाचा घरमालकांशी खरा वाद इथे आहे. ११ महिने राहणाऱ्याला स्वस्तातलं काम हवं असतं, कारण त्याला एकच पावसाळा काढायचा असतो. मालकालाही दरवर्षी डांबराचा एक थर मारणं परवडतं, कारण त्याचे निम्मे पैसे त्या त्या वर्षी राहणारा देतो. पंधरा वर्षं टिकणारं काम दोघांपैकी कुणीच करत नाही. या पंधरा वर्षांत सळई गंजत जाते आणि शेवटी जे घर खराब होतं ते मालकाचं, भाडेकरूचं नव्हे. पूर्ण खर्च मालकाचा असेल तर टिकाऊ कामात त्याचाच फायदा आहे हे त्याला दिसतं. म्हणजे निम्मे पैसे वाचवताना तो आपल्याच घराचं आयुष्य खर्ची घालतो.

भाडं कमी घेतो म्हणून दुरुस्ती वाटून घेतो, असं सांगणारे बरेच असतात. तसं असेल तर त्यांनी भाडं वाढवून सांगावं. ४,००० ऐवजी ४,५०० म्हटलं तर खोली शोधणारा कुडव्यातल्या दुसऱ्या खोलीशी तुलना करू शकतो, घरी विचारू शकतो, नको म्हणू शकतो. ‘दुरुस्ती निम्मी’ म्हटलं तर त्याला किती पैसे लागणार हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि ज्याला छताची, वायरिंगची, पाइपांची माहिती आहे तो मालक ती माहिती नसलेल्यावर जोखीम टाकून मोकळा होतो. कमी भाड्याची ही सवलत पहिल्या मोठ्या पावसात संपते.

जिल्ह्याच्या खेड्यांमध्ये चित्र आणखी वेगळं आहे. मुख्यालयी राहण्याची अट असलेले शिक्षक, ग्रामसेवक, परिचारिका देवरी, अर्जुनी मोरगाव, सालेकसा तालुक्यांत भाड्याने राहतात, आणि तिथली कितीतरी घरं अजून कवेलूची आहेत. पावसाआधी कवेलू फेरावे लागतात, वानरांनी फोडलेले बदलावे लागतात, वासा कुजला असेल तर काढावा लागतो. भाडे नियंत्रण कायदा परिशिष्टात नोंदलेल्या भागांनाच लागू होतो. नगरपरिषदेची हद्द ओलांडून फुलचूरला गेलं तरी तो तिथे लागू आहे का, हे परिशिष्ट पाहूनच ठरवावं लागतं. जिथे तो नाही तिथे १८८२ चाच कायदा आहे. त्याचं कलम १०८ सांगतं की मालकाने करायला हवी ती दुरुस्ती त्याने नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करून व्याजासह भाड्यातून कापावी. एक चतुर्थांशाची मर्यादाही तिथे नाही. पुराने घराचा मोठा भाग कायमचा राहण्याच्या लायकीचा उरला नाही, तर भाडेपट्टा संपवण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेच्या पुराने पूर्व विदर्भातली नदीकाठची गावं पाण्याखाली गेली तेव्हा ही तरतूद किती जणांना माहीत होती? कवेलू फेरणं मात्र खेड्यात मालक आजही स्वतःचंच काम समजतो. ही जुनी रीत योग्य होती. शहरातल्या स्लॅबने ती मोडली.

बाहेरच्या देशांत भाडेकरू सगळ्या दुरुस्तीतून सुटतो असं नाही. फ्रान्समध्ये १९८७ पासून सरकारी फर्मानात भाडेकरूच्या किरकोळ दुरुस्त्यांची यादीच आहे. इंग्लंडच्या १९८५ च्या कायद्याच्या कलम ११ ने घराचा सांगाडा, बाहेरचा भाग, पाणी, वीज, सांडपाणी यांची दुरुस्ती मालकावर टाकली, आणि अल्प मुदतीच्या भाडेकराराने त्यातून सुटका करून घेता येत नाही अशी व्यवस्था केली. आपल्या कलम १४ मधली पळवाट तिथे बंद आहे. जर्मनीचं उदाहरण निम्म्याच्या समर्थकांना आवडेल: ८ जुलै २०२० ला तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एका प्रकारच्या प्रकरणात खर्च साधारण निम्मा वाटावा असं म्हटलं. पण ते प्रकरण होतं रंगरंगोटीचं. भाडेकरूने घर रंग न दिलेल्या अवस्थेत घेतलं होतं, वर्षांनुवर्षांत ते आणखी खराब झालं, आणि आता त्याने मालकाकडून रंग मागितला. नव्या रंगाने त्याला आपण घेतलं होतं त्याहून चांगलं घर मिळणार होतं, म्हणून वरच्या सुधारणेपोटी त्याने वाटा द्यावा, असा तो हिशेब. गळकं छत बंद केल्याने भाडेकरूला वरचं काही मिळत नाही. त्याला जे आधीपासून मिळायला हवं होतं तेच मिळतं.

खर्च वाटण्याला जागा आहे, ती अशा ठिकाणी. भाडेकरूला खिडक्यांना जाळ्या हव्या आहेत, पाश्चात्त्य पद्धतीचा संडास हवा आहे, तो गेल्यावर ते सगळं मालकाकडे राहणार आहे, वाटून घ्या. भाडेकरूच्या हातून दहा वर्षं जुनी पाण्याची टाकी फुटली आणि नवी आणावी लागली. टाकी आणखी जेवढी वर्षं चालली असती तेवढ्याचेच पैसे त्याने द्यावेत, पूर्ण नव्या टाकीचे नव्हे. यात कारण पाहावं लागतं, वस्तूचं वय पाहावं लागतं, सुधारणा शेवटी कुणाकडे राहणार हे पाहावं लागतं. निम्मा-निम्मा म्हणणाऱ्याला नेमका हाच त्रास घ्यायचा नसतो.

केंद्राने २ जून २०२१ ला मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत ही कामं बरीच नेमकेपणाने विभागली आहेत. सांगाड्याची दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दार-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, आतली-बाहेरची वायरिंग मालकाकडे. नळाचे वॉशर, नाली साफ करणं, स्विच-सॉकेट, कड्या-कुलपं, फुटक्या काचा भाडेकरूकडे. राहण्याच्या घरासाठी अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त नको, असंही त्यात आहे. हा केवळ राज्यांसमोर ठेवलेला नमुना आहे. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. विधिमंडळाने निदान दोन बदल करावेत: छत, भिंती, वायरिंग आणि पाणी यांच्याबाबत कलम १४ मधली ‘विरुद्ध करार’ ही मुभा काढून टाकावी, आणि ते कलम लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनाही लागू करावं. छोट्या घरमालकाला टिकाऊ दुरुस्तीसाठी कमी व्याजाचं कर्ज मिळायला हवं, ही मागणी भाडेकरूंनीही त्यांच्या बरोबरीने करावी. दोन खोल्यांच्या भाड्यावर जगणाऱ्या बाईसमोर एकदम ३०,००० रुपये उभे करण्याची अडचण खरी आहे. ती सोडवण्याची जागा बँक किंवा सरकार आहे, तिच्याच घरात भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्याचा खिसा नव्हे.

तोवर गोंदियात जे हातात आहे ते करारात आहे. पुढच्या नोंदणीत चार गोष्टी लिहून घ्याव्यात: सांगाडा, वायरिंग, पाइप आणि सामाईक मोटर मालकाची, राहणाऱ्याने केलेलं नुकसान राहणाऱ्याचं, वस्तूचं वय धरून, गच्ची आणि तिचा पाइप मालकाने दरवर्षी मे महिन्यात तपासायचा आणि भाडेकरूला तो दाखवायचा, आणि भाडेकरूने लेखी कळवल्यावर १५ दिवसांत काम सुरू झालं नाही तर पावत्यांसह खर्च भाड्यातून कापायचा. ताबा घेताना दोघांनी मिळून प्रत्येक खोलीचे, छताचे आणि स्विचबोर्डचे फोटो काढावेत आणि तारखेसह एकमेकांच्या फोनवर पाठवावेत. कूलरमागची भिंत त्यात विसरू नये.